शाळेच्या ओसरीवरून : नोंद आणि निवाडा

नवरात्राचे दिवस होते. या दिवसांत बारडोली रात्री गरब्याच्या तालावर जागी असते आणि सकाळी शाळेत विद्यार्थ्यांच्याच काय, शिक्षकांच्याही डोळ्यांवर पेंग असते. अशाच एका सकाळी वरिष्ठ कार्यालयाकडून आलेला सप्टेंबर महिन्याचा अहवाल माझ्या मेजावर येऊन पडला. शाळांची नावे, प्रत्येक नावापुढे विद्यार्थ्यांची हजेरी संगणकावरून वेळेत पोहोचली किंवा नाही याचा तपशील, आणि शेवटच्या रकान्यात रंग. हिरवा, पिवळा किंवा तांबडा. आमच्या नावापुढे तांबडा होता. महिन्याभरात अठरा दिवस हजेरी उशिरा.

नोकरीची तीस वर्षे होत आली. पण शाळेच्या नावापुढे तांबडी खूण पाहण्याचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. मनाला ते फार लागले. वर्गशिक्षकांनी घेतलेली हजेरी साडेअकराच्या आत वर पाठविण्याचे काम आमच्या संगणक शिक्षकांकडे आहे. तिशीच्या आतला हा तरुण मूळचा खानदेशचा. त्याचे वडील पोटासाठी सुरतेस आले, लिंबायतमध्ये राहिले, यंत्रमागावर राबले आणि त्यांनी मुलाला शिकविले. नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराची. अशा नेमणुकीत मुख्याध्यापकाने लिहिलेला एक प्रतिकूल कागद पुढचे अकरा महिने हिरावून घेऊ शकतो, हे मला ठाऊक होते. तरीही मी कागद पुढे ओढला आणि 'आपल्या कर्तव्यातील हयगयीबद्दल खुलासा करावा' अशा अर्थाचे पत्र लिहून काढले. आमचे लेखनिक मोठे तत्पर. माझी सही होण्यापूर्वीच त्यांनी जावक नोंदवहीतला क्रमांक पत्रावर टाकलासुद्धा.

सही करण्याआधी त्यांना बोलावून घेतले, एवढे मात्र बरे झाले.

"सर, दोष माझा असेल तर मी खुलासा देईन," अहवालावर नजर टाकून ते म्हणाले. "पण एक दिवस थांबाल का? अहवाल तुमच्याकडे आहे, लॉग माझ्याकडे आहे. दोन्ही एकदा शेजारी ठेवून पाहू."

लॉग हा शब्द मला नवा नव्हता. पाठनिरीक्षणाचे लॉगबुक प्रत्येक मुख्याध्यापक भरतो. पूर्वी खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका समुद्रात सोडून जहाजाचा वेग मोजत आणि तो एका वहीत टिपून ठेवीत. ओंडक्याचे नाव वहीला चिकटले आणि तिथून ते जगभर पसरले, हेही मी वर्गात सांगत आलो आहे. पण आमच्याच प्रयोगशाळेतल्या एका जुनाट संगणकावर शाळेच्या जाळ्याचा लॉग जूनपासून अखंड लिहिला जात आहे, याची मला गंधवार्ता नव्हती. म्हणजे, संगणक तिथे चालू असतो हे पाहिले होते. पोराचा काही नाद असेल म्हणून सोडून दिले होते.

त्यांनी नेटवर्कवर देखरेख ठेवणारे एक विनामूल्य सॉफ्टवेअर त्यावर बसविले होते. त्याचे काम ऐकून मला हजेरीपटच आठवला. दर मिनिटाला ते जाळ्यातील प्रत्येक उपकरणाचे नाव पुकारते. राउटर, स्विच, मुद्रणयंत्र, कार्यालयातला संगणक. उत्तर आले तर किती वेळात आले ते लिहिते, न आले तर न आल्याचे लिहिते. या पुकारण्याला पिंग म्हणतात. अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी १९८३च्या डिसेंबरमध्ये ही छोटीशी आज्ञावली लिहिली. पाणबुडीचा शोध घेण्यासाठी पाण्यात ध्वनी सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून हे नाव त्यांनी दिले. शिवाय प्रत्येक उपकरण आपल्यावर काय गुदरले ते स्वतःही सांगत असते. त्या सांगण्याच्या गांभीर्याच्या आठ पायऱ्या ठरलेल्या आहेत. शून्य म्हणजे हाहाकार आणि सात म्हणजे निव्वळ पुटपुट. सिसलॉग नावाची ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात विजेवर चालणाऱ्या टपालाच्या सॉफ्टवेअरसाठी बसविली आणि पुढे सगळ्यांनीच उचलली. सुरुवातीला आमच्या या पहारेकऱ्याने क्षुल्लक कारणांवरून त्यांच्या मोबाईलवर दिवसाला चाळीस-चाळीस इशारे पाठवून त्यांना हैराण केले म्हणे. मग त्यांनी ठरविले की लिहायचे सगळे, पण ओरडायचे फक्त मोठ्या कारणासाठी. वर्गातही हाच नियम ठीक असतो.

मी सप्टेंबरच्या नोंदी पाहू लागलो. ओळीमागून ओळी, हजारो. दिनांक, वेळ, उपकरणाचे नाव, घटना. विशेषण नाही, क्रियाविशेषण नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठीचे एम. ए. करताना जुनी शकावली प्रथम हातात घेतली तेव्हा असेच वाटले होते.

वाचकांपैकी ज्यांनी इतिहास आवडीने वाचला असेल त्यांना जेधे शकावलीची कथा ठाऊक असेल. बखर आणि शकावली ही आपल्या जुन्या गद्याची दोन निरनिराळी अपत्ये. बखर ही कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलेली असते. सभासदाने आपली बखर जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. तिच्यात प्रसंग आहेत, संवाद आहेत, भक्ती आहे, भाषेचे सौंदर्य तर अपार आहे. शकावलीत त्यातले काही नाही. अमुक शक, अमुक मास, अमुक तिथी, अमुक घडले, पुढची ओळ. शिवाजी महाराजांच्या जन्माचे वर्ष पुढच्या काळातल्या बखरींवरून शके १५४९ मानले जात असे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे घराण्याकडील शकावली प्रसिद्धीस आणली आणि तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातील तिथीशी ती जुळली. वादविवाद कित्येक दशके चालले, पण पुढे महाराष्ट्र शासनानेही तीच तारीख स्वीकारली. कितीतरी रसाळ पानांना एका रुक्ष ओळीने मागे सारले. आपल्या वाङ्मयाच्या अभ्यासात बखरीला मानाचे पान मिळते आणि शकावलीला परिशिष्टात जागा मिळते, याचे मला विद्यार्थिदशेत काही वाटले नव्हते. त्या दिवशी प्रयोगशाळेत वाटले.

माझ्या मेजावरचा तांबड्या रंगाचा कागद ही बखर होती. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असे नव्हे. पण अठरा दिवस उशीर झाला एवढेच त्यात होते. का झाला, ते नव्हते. ते कारण मी माझ्या मनाने भरले होते आणि तेही एका माणसाच्या नावाने.

लॉगने मात्र मला प्रथम पार गोंधळात टाकले. राउटर उत्तर देत नाही अशा नोंदी अठरा दिवस होत्या खऱ्या. पण प्रत्येक दिवशी त्यांची वेळ पहाटे पाच चाळीसच्या सुमाराची. "अहो, पाच चाळीसला शाळेत चिमण्यासुद्धा आलेल्या नसतात," मी म्हणालो. "तुमच्या या वहीवर काय विश्वास ठेवायचा?"

"सर, त्यात साडेपाच तास मिळवा."

उपकरणांची ही नोंद ग्रिनिचच्या वेळेने होत होती. पाच चाळीसचे अकरा दहा झाले. सकाळची प्रार्थना आटोपून मुले वर्गात बसलेली असतात आणि हजेरी पाठवायची घाई असते, नेमकी ती वेळ.

नोंदीच्या घड्याळाचा हा प्रश्न दिसतो त्याहून जुना आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने आपली वेगळी वेळ सोडली नाही. प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असलेला 'बॉम्बे टाइम' शहरात १९५५ पर्यंत नांदत होता. त्या काळच्या एखाद्या कागदावर नुसते 'दहा वाजता' लिहिले असेल, तर कोणाच्या घड्याळाचे दहा हे विचारल्याखेरीज त्याचा उपयोग नाही. आज सरकारलाही याची जाणीव आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या : संस्थांनी आपले लॉग १८० दिवस जपून ठेवावेत, आणि आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवून ठेवावीत. दोन ठिकाणच्या नोंदींचे घड्याळ एक नसेल तर कोणते आधी घडले आणि कोणते मागून, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

वेळ समजली. आता गुन्हेगार माझ्या मते उघड होता. आम्हांला इंटरनेट पुरविणारी कंपनी. तिला मी सप्टेंबरातच दोन खरमरीत पत्रे धाडली होती. तिचे उत्तर आले होते की आमच्या बाजूने तार व सेवा निर्दोष आहे, दोष आपल्या आवारात असावा. शिवाय आपल्याकडील महिन्याची उपलब्धता नव्व्याण्णव टक्के आहे. मी ते उत्तर टोलवाटोलवी समजून फायलीत लावले होते.

हे नव्व्याण्णव टक्के मी तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन तपासले. सप्टेंबरचे दिवस तीस, तास ७२०. अठरा दिवस, दररोज सरासरी चोवीस मिनिटे सेवा खंडित. एकूण ४३२ मिनिटे, म्हणजे सात तास बारा मिनिटे. ७२० तासांचा बरोबर एक टक्का! कंपनीचा आकडा अगदी चोख होता. आणि तरीही, ज्या वीस-पंचवीस मिनिटांत आम्हांला त्या तारेची गरज होती, नेमकी तीच मिनिटे गेली होती. मध्यरात्री शाळेत कोणी नसताना ती तार सळसळत होती आणि तिचे गुण सरासरीत जमा होत होते. गणितात दोनदा शून्य आणि बाकी विषयांत उत्तम, अशा विद्यार्थ्याच्या एकूण टक्केवारीवर समाधान मानणारे पालक मी पाहिलेले आहेत. सरासरी खोटे बोलत नाही. तिला काय विचारायचे हे मात्र विचारणाऱ्याला कळावे लागते.

पण गुन्हेगार कंपनीही नव्हती. ते उलगडले एका अजब तारखेमुळे. खंड संपून राउटर पुन्हा बोलू लागला की त्याच्या पहिल्या काही ओळींवर तारीख पडे १ जानेवारी १९७०. मला हसू आले. १९७० साली मी पाळण्यातही नव्हतो आणि हा राउटर तेव्हाच्या गोष्टी सांगतो आहे! संगणक शिक्षक मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "सर, हीच खूण मी पाहत होतो." बहुतेक संगणकीय यंत्रणा काळाची मोजणी १९७० सालच्या पहिल्या क्षणापासून करतात. आमच्या राउटरमध्ये घड्याळ जिवंत ठेवणारी बॅटरी नाही. त्याची वीज गेली आणि परत आली की तो झोपेतून उठल्याप्रमाणे काळाच्या आरंभी उभा राहतो, आणि बाहेरच्या घड्याळाला विचारून झाल्यावरच भानावर येतो. नुसती कंपनीची तार तुटली असती तर राउटर जागाच राहिला असता; त्याने आजच्याच तारखेने 'बाहेरचा संबंध तुटला' असे लिहिले असते. १९७० याचा अर्थ, राउटर स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. 'मी किती वेळ सलग जागा आहे' हा आकडाही प्रत्येक उपकरण बाळगते. तो त्या वेळी दरखेपेस शून्यावर येत होता. एका दिवशी तर चोवीस मिनिटांत पाच वेळा.

राउटरच्या या नोंदी वाचल्या त्या एका कारणाने. त्याची स्वतःची स्मृती वीज जाताच पुसली जाते. म्हणून संगणक शिक्षकांनी त्याची प्रत्येक ओळ लिहिली जाताक्षणीच प्रयोगशाळेतल्या त्या जुनाट संगणकाकडे जाईल अशी व्यवस्था केली होती, आणि तो संगणक यूपीएसवर होता. साक्षीदाराचा जबाब साक्षीदाराच्याच खिशात राहू द्यायचा नाही, असे त्यांचे तत्त्व.

दोष आवारात होता, आणि विजेचा होता. कोणत्या विजेचा, ते शोधायला आम्ही ओसरीत आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आमच्या शाळेचे पट्टेवाले काका नेहमीप्रमाणे टाकी भरण्यासाठी पाण्याची मोटर सुरू करायला निघाले होते. त्यांनी खटका दाबला. ओसरीतली ट्यूब क्षणभर मंदावली, आणि त्याच बोर्डावर टांगलेल्या राउटरचे हिरवे दिवे एकदम मावळले.

मोटर मे महिन्यात बदलली होती. जुनी लहान होती, नवी मोठी घेतली. तिची जोडणी मुख्य बोर्डावरून स्वतंत्र तारेने करावी असे वायरमनने सुचविले होते. ती तार लांबवर न्यावी लागली असती, खर्च वाढला असता. म्हणून ओसरीतल्याच बोर्डावरून ती घ्यावी असा लेखी आदेश देण्यात आला. आदेश दुरुस्तीच्या नोंदवहीत आहे. त्याखाली सही माझी आहे.

ज्या दिवशी नळाचे पाणी आपसूक टाकीत चढते त्या दिवशी मोटर लावावी लागत नाही. सप्टेंबरात असे दिवस थोडे होते. काका आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मोटर लावल्याच्या दिवशी पेन्सिलीने टिंब करतात. कोणी सांगितलेले नाही, त्यांची आपली सवय. आम्ही टिंबे मोजली. अठरा. लॉगमधल्या अठरा तारखांशी एकेक ताडून पाहिली, सर्व जुळल्या.

वाचकहो, बारडोलीत राहणाऱ्या माणसाला याहून अधिक लाज वाटावी असे एक कारण आहे. दर वर्षी १२ फेब्रुवारीच्या सुमारास मी विद्यार्थ्यांना स्वराज आश्रमात घेऊन जातो आणि १९२८च्या सत्याग्रहाची हकीकत सांगतो. सरदार वल्लभभाई पटेल, शेतकऱ्यांची एकजूट, जप्त्या, या गोष्टी आपल्या सर्वांच्या परिचयाच्या. पण तो सगळा लढा मुळात एका अहवालावरून झाला होता, हे आपण सांगायचे विसरतो. तालुक्याच्या जमीनमहसुलाची फेरआकारणी करण्याचे काम जयकर नावाच्या डेप्युटी कलेक्टरांकडे होते. हे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर नव्हेत. आडनाव तेवढे तेच. रेल्वे झाली, पिकांचे भाव वाढले, जमिनीच्या किमती वाढल्या, तेव्हा शेतकरी सधन झाला आहे असा त्यांच्या अहवालाचा सूर होता आणि शिफारस तीस टक्के वाढीची होती. वरचे सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांना हा युक्तिवाद पटला नाही. त्यांनी जमिनीच्या खंडाचे आकडे आधाराला घेतले आणि फिरून जवळपास त्याच ठिकाणी, एकोणतीस टक्क्यांवर, आले! सरकारने १९२७ साली सुमारे बावीस टक्के कायम केले.

शेतकऱ्यांची मुख्य मागणी काय होती? सारा माफ करा, अशी नव्हती. निःपक्षपाती चौकशी करा, कागद तपासा, अशी होती. आंदोलनानंतर चौकशी झाली. न्यायखात्याचे ब्रूमफील्ड आणि महसूलखात्याचे मॅक्सवेल हे दोन इंग्रज अधिकारी तिला बसले. यांतले ब्रूमफील्ड म्हणजे ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली तेच. ते दोघे अहवालांवर विसंबून राहिले नाहीत. ज्या खंडांच्या नोंदींवर सगळी इमारत उभी होती त्या नोंदींपर्यंत खाली उतरले. खंडपट्टा म्हणून धरलेला व्यवहार खरोखर खंडपट्टा आहे की कर्जापोटी लिहून दिलेला कागद आहे, हे एकेका गावात शेतकऱ्यांना विचारून पाहिले. १९२९ साली त्यांचा निकाल आला. बावीस टक्क्यांची वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. महादेवभाई देसाईंनी त्याच वर्षी या सगळ्याचे पुस्तक लिहिले.

सरदारांच्या बाजूची व्यवस्थाही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तालुक्यात तेरा छावण्या, प्रत्येकीवर एक जाणता कार्यकर्ता. गावोगावची बातमी बारडोलीला येई आणि सत्याग्रह पत्रिका रोज छापून गावोगाव परत जाई. जप्तीचे अधिकारी येताना दिसले की ढोल वाजे आणि घरांना कुलुपे लागत. आमच्या संगणक शिक्षकांना मी हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "म्हणजे इशारा वेगळा आणि नोंद वेगळी, हे त्यांनाही ठाऊक होते."

शंभर वर्षे होत आली. त्याच गावात एक अहवाल माझ्या मेजावर आला, त्याच्या खालच्या नोंदी न पाहता मी एका मराठी तरुणाचे अन्न काढून घेणारे पत्र लिहिले, आणि त्या पत्रावर सही करणारा अधिकारीही मराठीच होता.

या वहीच्या मर्यादाही त्याच तरुणाने मला दाखविल्या, म्हणून त्या लिहितो. ऑगस्टमधल्या एका शनिवारच्या दुपारपासून सोमवारच्या सकाळपर्यंत लॉगमध्ये एकही ओळ नाही. जाळे निर्वेध चालले होते असा अर्थ कोणी काढील. प्रत्यक्षात झाडलोट करताना कोणीतरी देखरेखीचा संगणकच बंद करून ठेवला होता. हजेरीपटातला मोकळा चौकोन आणि गैरहजेरीची खूण यांत भेद असतो, हे नवीन शिक्षकांना मी पहिल्याच दिवशी शिकवितो. मोकळा चौकोन विद्यार्थ्याविषयी काही सांगत नाही, हजेरी घेणाऱ्याविषयी सांगतो.

दुसरी गोष्ट नाजूक. कोणता मोबाईल कोणत्या वेळी शाळेच्या जाळ्यावर होता, हे नोंदींत दिसत होते. माझे दोन सहकारी तासाच्या वेळी मोबाईलवर काय पाहतात हेही कळेल काय, असे मी विचारले. विचारले, हे कबूल करतो. ते थोडे थांबून म्हणाले, "तशी नोंद ठेवता येते, सर. मी ठेवत नाही. आपल्याला यंत्रे चालू आहेत की नाहीत एवढेच पाहायचे आहे." मी विषय बदलला. अशा नोंदी ठेवायच्याच असतील तर ज्यांच्या त्या आहेत त्यांना आधी सांगितले पाहिजे, असे माझे आता मत झाले आहे. त्या क्षणी मात्र माझा मोह खरा होता.

घरोघरच्या वाचकांना या खटाटोपाचा काय उपयोग, असे विचाराल तर बडोद्याच्या माझ्या वहिनींचे उदाहरण देतो. त्यांच्याकडे दुपारी जेवणाच्या सुमारास वायफाय हटकून अडखळे. कंपनीचा माणूस दोनदा येऊन सर्व ठीक असल्याचे सांगून गेला. मी त्यांना इतकेच सुचविले की तक्रार करू नका, आठ दिवस वेळ लिहा आणि त्या वेळी घरात काय चालले होते तेही लिहा. आठव्या दिवशी फोन आला. वहिनींनी स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लावला की मुलाची मीटिंग तुटत होती. मायक्रोवेव्ह आणि वायफायचा एक पट्टा दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. राउटर फ्रिजशेजारून दिवाणखान्यात हलविल्यावर प्रश्न मिटला. यासाठी सॉफ्टवेअर लागले नाही. दूधवाल्याच्या हिशेबाचे पुठ्ठ्याचे कार्ड पुरले.

आमच्याकडचे काम दिवाळीपूर्वी झाले. मोटरची तार मुख्य बोर्डावर नेली. राउटरला प्रयोगशाळेच्या यूपीएसवर जागा मिळाली. हजेरी शाळेच्या संगणकावरूनच गेली पाहिजे, मोबाईलवरून नको, हा दंडक माझाच होता. अडचणीच्या दिवसापुरता तो मी मागे घेतला. वरिष्ठ कार्यालयाला खुलासा पाठविला. त्यात विलंबाचे कारण म्हणून 'मुख्याध्यापकांच्या आदेशाने झालेली सदोष विद्युत जोडणी' असे लिहिले आणि लॉगची प्रत जोडली. कंपनीला तिसरे पत्र लिहिले. ते पहिल्या दोन पत्रांपेक्षा लिहायला कठीण गेले. नोव्हेंबरच्या अहवालात आमच्यापुढे हिरवा रंग होता. त्याचा आनंद झाला नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल.

संगणक शिक्षकांची मी क्षमा मागितली. ते संकोचले. "सर, तुम्ही एक दिवस थांबलात ना," असे काहीतरी म्हणाले आणि वर्गावर गेले. त्यांचा करार पुढील अकरा महिन्यांसाठी वाढला आहे. त्यानंतरचे त्यांनाही ठाऊक नाही आणि मलाही.

एक काम तेवढे उरले होते. खुलासा मागणारे ते पत्र मी फाडून टाकले. पण जावक नोंदवहीत त्याचा क्रमांक पडून गेला होता. लेखनिक म्हणाले, "साहेब, त्या ओळीवर कागद चिकटवून दुसरे पत्र घालू, कोणाला कळणार नाही." मी वही मागून घेतली. त्या क्रमांकापुढे विषयाच्या रकान्यात मूळ विषय होता तसाच राहू दिला, आणि शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईने लिहिले : 'चौकशीअंती दोष आढळला नाही. पत्र पाठविले नाही.' खाली दिनांक घातला, वेळ घातली, आणि सही केली.